पिंपरीची बुरशी, वाळूजचं यीस्ट

ऑगस्ट २००३ मध्ये भारतातल्या औषधांच्या दुकानांत वोसुलिन नावाचं इन्सुलिन विक्रीला आलं. कंपनी वोक्हार्ट, आणि कारखाना औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. जनुकीय तंत्राने मानवी इन्सुलिन तयार करणं तोवर अमेरिका आणि युरोपातल्या मोजक्या कंपन्यांनाच जमलं होतं. भारतीय कंपनीने ते पहिल्यांदा जमवलं ते या शहरात. शहराजवळचं वाळूज म्हटलं की आपल्याला बजाजच्या गाड्या आठवतात, पहिल्या पाळीच्या बसगाड्या आठवतात. त्याच वाळूजच्या एमआयडीसीत पोलादाच्या बंद टाक्यांमध्ये एक बुरशी वाढवली जाते आणि मधुमेहाचं औषध तिच्याकडून करून घेतलं जातं, हे मात्र शहरातल्याही फार थोड्यांना ठाऊक आहे.

या बुरशीचं नाव हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा. ती एका पेशीची असते, पावाच्या यीस्टच्या जातकुळीतली. अशी बुरशी पाळायची, तिला औषध करायला लावायचं, आणि आज ती जेवढं देते त्याहून जास्त उद्या कशी देईल याच्या मागे वर्षानुवर्षं लागायचं, या विद्येची महाराष्ट्रातली मोठी सुरुवात मात्र वाळूजच्या जवळजवळ अर्धं शतक आधी झाली. ती झाली पिंपरीत, पेनिसिलिनच्या कारखान्यात. पिंपरी ते वाळूज या प्रवासाकडे पाहताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमीन, इमारत, बॉयलर, टाक्या हे सगळं पैसे मोजून मिळतं. भरपूर उत्पन्न देणारी बुरशी रोज राबून मिळवावी लागते, आणि राबणं थांबलं की ती हातची जाते.

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत पेनिसिलियमची बुरशी उगवली आणि तिच्या भोवतालचे जंतू विरघळले, इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. खरी अडचण त्यानंतरची होती. ती बुरशी औषध द्यायची, पण इतकं कमी की हाती काही लागायचंच नाही. १९३९-४० मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी हे काम पुन्हा हाती घेतलं. २५ मे १९४० रोजी त्यांनी ८ उंदरांना मारक जंतू टोचले आणि त्यांतल्या ४ उंदरांना पेनिसिलिन दिलं. ते ४ वाचले, बाकीचे ४ मेले. औषध खरं होतं. ते पुरेसं करायचं कसं, हे कोणालाच कळत नव्हतं. बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावर सायीसारखी वाढते, त्यामुळे उथळ आणि पसरट भांडी लागतात. रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा त्या कामाला जुंपली गेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला हे औषध दिलं गेलं. तो सुधारू लागला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन गाळून त्यालाच परत टोचलं जात होतं, तरीही साठा संपला. १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडत असताना केवळ ते पुरलं नाही म्हणून माणूस दगावला. बुरशीचं उत्पन्न वाढवण्याचा प्रश्न म्हणजे काय, हे या एका मृत्यूत दिसतं.

त्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यात पिओरिया इथे शेतमालावर काम करणारी सरकारी प्रयोगशाळा होती. मक्यापासून स्टार्च काढताना मका ज्या पाण्यात भिजवतात त्याचा आटवलेला घट्ट अर्क, म्हणजे कॉर्न स्टीप लिकर, त्या भागात मुबलक मिळायचा. अँड्र्यू मॉयर यांनी तो बुरशीच्या खाद्यात घातला, त्याला दुधातल्या साखरेची जोड दिली, आणि उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. मग जास्त चांगल्या बुरशीचा शोध सुरू झाला. जगभरातून मातीचे नमुने मागवले गेले. १९४३ मध्ये चांगली बुरशी सापडली ती पिओरियाच्याच बाजारातून आलेल्या एका सडक्या खरबुजावर. एनआरआरएल १९५१ या क्रमांकाने ती नोंदली गेली. तो नोंदवहीतला क्रमांक आहे, साल नव्हे. पुढे कित्येक दशकं जगभरातल्या पेनिसिलिनच्या कारखान्यांत नांदलेल्या बुरशा याच खरबुजाच्या वंशातल्या.

या वंशावळीचे आकडे मोठे बोलके आहेत. पेनिसिलिन युनिटांत मोजतात, आणि एक युनिट म्हणजे साधारण ०.६ मायक्रोग्रॅम. फ्लेमिंग यांची बुरशी सुरुवातीला एका मिलिलिटरला एक-दोन युनिटं देत होती. खरबुजावरची बुरशी १०० च्या आसपास देऊ लागली. तिच्यातल्या निवडक वाणाने २५० गाठले. त्यावर क्ष-किरण सोडून मिळवलेल्या एक्स-१६१२ ने ५०० दिले. विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरणांनी तिच्यात आणखी बदल घडवले तेव्हा क्यू-१७६ हाती आली, आणि तिने ९०० चा टप्पा ओलांडला. हे सगळं दोन-तीन वर्षांत घडलं. दुसरीकडे, १ मार्च १९४४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फायझर कंपनीने खोल टाक्यांचा कारखाना सुरू केला. त्यात बुरशी पृष्ठभागावर न वाढता हवा खेळवलेल्या द्रवात बुडून वाढत होती. बेडपॅनचा जमाना तिथे संपला.

आता पिंपरी.

स्वातंत्र्यानंतर भारत पेनिसिलिन आयात करत होता. देशात कारखाना काढायचा हे ठरलं, पण कोणाच्या मदतीने आणि कोणाच्या मालकीने, यावर बराच खल झाला. अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या कंपन्यांशी बोलणी झाली. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांनी या औषधांची विद्या देशाच्या हातात, सरकारी कारखान्यात असली पाहिजे, असा आग्रह धरला. ते पुढे जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर होते. १९५१ मध्ये भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा करार झाला. युनिसेफने साडेआठ लाख डॉलरची यंत्रसामग्री द्यायची आणि आरोग्य संघटनेने तज्ज्ञ आणि प्रशिक्षण पुरवायचं, असं ठरलं. मुलांसाठी काम करणारी युनिसेफ यात का पडली, असा प्रश्न पडू शकतो. त्या काळात यॉज नावाचा कातडी आणि हाडं सडवणारा रोग आदिवासी मुलांमध्ये फार होता. मध्य भारतातल्या गोंड वस्त्यांमध्ये, आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलातही तो होता. पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने तो बरा व्हायचा. २००६ मध्ये भारताने यॉज संपल्याचं जाहीर केलं आणि २०१६ मध्ये आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

१० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी नोंदली गेली. औषधनिर्मितीतली ही केंद्र सरकारची पहिलीच कंपनी. मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वे यांच्या लगत, पवना नदीपासून जवळ, पिंपरीची जागा निवडली गेली होती. तेव्हाची पिंपरी म्हणजे गाव, शेतं, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प. ऑगस्ट १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. पिंपरी-चिंचवडचं औद्योगिक शहर झालं त्याची सुरुवात या कारखान्यापासून धरतात. जुनी माणसं आजही त्याला 'एचए' म्हणतात. एचए कॉलनी, एचए शाळा, एचए ग्राउंड ही नावं पिंपरीत रोजच्या बोलण्यात आहेत.

असल्या कारखान्यात आत काय चालतं ते जवळून पाहिलं पाहिजे, कारण उत्पन्नाची सगळी गोष्ट तिथेच घडते. सुरुवात होते एका बोटभर लांबीच्या परीक्षानळीपासून. तिरप्या गोठवलेल्या अगारवर हिरवट-निळी भुकटी दिसते. तो बुरशीच्या बीजाणूंचा थर, याला 'स्लँट' म्हणतात. स्लँटवरून फ्लास्क, फ्लास्कमधून बियाण्याची छोटी टाकी, तिथून मोठी, आणि शेवटी हजारो लिटरचा फर्मेंटर. घरी चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं तसंच हे, फक्त इथे प्रत्येक पायरीवर एखादा परका जंतू आत शिरला की खेळ संपला. काही जंतू पेनिसिलिनेज नावाचं विकर सोडतात आणि ते तयार झालेलं पेनिसिलिन फोडून टाकतं. टाकी भरलेली, बुरशी वाढलेली, आणि औषध शून्य. 'बॅच गेली' हे शब्द कारखान्यात कोणालाच ऐकायला आवडत नाहीत. म्हणून एकेक व्हॉल्व्ह, एकेक वळण वाफेने निर्जंतुक करायचं, आत जाणारी हवा गाळून घ्यायची, आणि दर पाळीला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा.

टाकीत बुरशीला तापमान लागतं साधारण २५ अंश, आणि सामू साडेसहाच्या जवळपास. तिला प्राणवायू फार लागतो. तिचे धागे जसे वाढतात तसा द्रव घट्ट होतो, हवा त्यातून सहज फिरत नाही, म्हणून टाकीतला मोठा पंखा अखंड फिरत ठेवावा लागतो. वाढताना ती उष्णता सोडते, ती गार पाण्याने काढून घ्यावी लागते. वीज गेली तर काय होतं याची कल्पना मराठवाड्याच्या वाचकाला वेगळी द्यायला नको.

खाद्याचंही एक शास्त्र आहे. साखर एकदम दिली तर बुरशी खुशाल खाते आणि नुसती अंगाने वाढते, औषध करत नाही. जरा उपाशी राहिली की ती पेनिसिलिनकडे वळते. सुरुवातीच्या काळात दुधातली साखर वापरायचं कारण हेच, कारण ती बुरशीला हळूहळू पचते. पुढे ग्लुकोज थेंबाथेंबाने सोडायची पद्धत आली आणि दुधाच्या साखरेची गरज संपली. नायट्रोजनसाठी कॉर्न स्टीप लिकरप्रमाणे शेंगदाण्याची आणि सरकीची पेंडही जगभर वापरली गेली. आपल्या गुरांच्या गव्हाणीतली सरकी औषधाच्या टाकीत बुरशीला घालतात, ही माहिती कापूस पिकवणाऱ्या भागातल्या माणसाला नक्की आवडेल. फिनाइल अॅसिटिक अॅसिड नावाचा पदार्थ मोजून घातला की बुरशी आपल्याला हवं असलेलं पेनिसिलिन-जी जास्त करते. तो जास्त झाला तर तिला बाधतो. हे प्रमाण राखणं हे टाकीवरच्या माणसाचं कसब.

शेवटी बुरशीचे धागे गाळून काढायचे, द्रव गार करून त्यात आम्ल घालायचं, आणि आम्लात पेनिसिलिन नासायच्या आत ते ब्युटाइल किंवा अमाइल अॅसिटेटसारख्या द्रावकात ओढून घ्यायचं. मिनिटांचा हिशोब असतो. मग परत पाण्यात, आणि शेवटी पांढरे स्फटिक.

पण उत्पन्नाच्या मोठ्या उड्या टाकीत लागत नाहीत. त्या लागतात स्ट्रेन, म्हणजे बुरशीचा वाण, सुधारणाऱ्या छोट्या खोलीत. तिथलं काम चिकाटीचं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल असं. बीजाणू पाण्यात मिसळायचे आणि अतिनील दिव्याखाली धरायचे, इतका वेळ की शंभरातले ९५ ते ९९ मरून जावेत. जे उरतील त्यांच्यात काहीतरी बिघडलेलं असतं. बहुतेक बिघाड वाईटच असतात. हजारातल्या एखाद्या बीजाणूचा बिघाड असा असतो की त्याची बुरशी आईपेक्षा दहा-वीस टक्के जास्त औषध देते. तो एक शोधायचा. वाचलेला प्रत्येक बीजाणू वेगळा वाढवायचा, प्रत्येकासाठी वेगळा फ्लास्क हलवणाऱ्या यंत्रावर ठेवायचा, आणि आठवड्याभराने त्यातला थेंब जंतूंच्या पातळ थरावर ठेवून भोवती किती रुंद साफ वर्तुळ पडतं ते मोजायचं. रुंद वर्तुळ म्हणजे चांगली बुरशी. मग तिच्यावर पुन्हा दिवा, पुन्हा हजारो फ्लास्क. बरं, मिळालेली चांगली बुरशी तशीच टिकत नाही. एका स्लँटवरून दुसऱ्यावर सारखी घेत राहिलं की ती आळसावते आणि मूळ स्वभावावर जाते. म्हणून ती गोठवून, निर्वात वाळवून, काचेच्या कुपीत बंद करून ठेवावी लागते. क्यू-१७६ उत्पन्नाला चांगली होती, पण सोबत पिवळा रंगही सोडायची आणि तो औषधातून काढणं जिकिरीचं असायचं. तो रंग न करणारा वाण निवडून काढायलाही असेच फ्लास्क मोजावे लागले.

या शोधाला कधी शेवट नाही, हे पिंपरीतल्या संशोधकांनी ओळखलं होतं. १९५८ पासून कारखान्याचं स्वतःचं संशोधन नियतकालिक, 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन', निघू लागलं. सरकारी कारखान्याने आपल्या प्रयोगशाळेतले निष्कर्ष छापून जगापुढे ठेवावेत, ही त्या पिढीची रीत मला फार मोलाची वाटते. आज औषध कंपनीच्या स्ट्रेनची माहिती कोणी सहजासहजी बाहेर पडू देत नाही.

एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे म्हैसूरकडचे बुरशीतज्ज्ञ पिंपरीच्या संशोधनाचे प्रमुख होते. पिंपरीच्या मातीतूनच त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सूक्ष्मजीव वेगळा केला आणि गावाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं, स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. त्याच्यापासून मिळालेलं औषध १९६१ मध्ये जाहीर झालं ते हॅमायसिन, कंपनीच्या आद्याक्षरांवरून. भारतात शोधलेलं हे पहिलं प्रतिजैविक म्हणून ओळखलं जातं. तोंडात आणि त्वचेवर होणाऱ्या बुरशीच्या रोगांवर ते वापरलं गेलं. स्ट्रेप्टोमायसीस धाग्यांसारखे वाढतात म्हणून दिसायला बुरशीसारखे, पण ते जंतू असतात. तरी पेनिसिलिनच्या टाक्यांवर शिकलेले हात इथे जसेच्या तसे उपयोगी पडले. तिरुमलाचार यांच्या चमूचं दुसरं औषध ऑरियोफंगिन पिकांवरच्या बुरशीसाठी होतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या ओळखीचं नाव सांगायचं तर स्ट्रेप्टोसायक्लिन. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी कृषी सेवा केंद्रातून वर्षानुवर्षं नेली गेलेली ती छोटी पुडी पिंपरीच्याच कारखान्यातली.

स्ट्रेप्टोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकासाठी पिंपरीने अमेरिकेच्या मर्क कंपनीशी १९५० च्या दशकाच्या अखेरीस करार केला, आणि पुढे ऋषिकेशला सोव्हिएत मदतीने आयडीपीएल या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. हळूहळू खासगी कंपन्याही पेनिसिलिन करू लागल्या. हा काळ मी लवकर ओलांडतो, कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी घटना घडत होती ती देशाबाहेर.

चीनमध्ये शिजियाझुआंग शहरात सोव्हिएत मदतीने एक प्रतिजैविकांचा कारखाना १९५८ मध्ये सुरू झाला होता, पिंपरीनंतर ३ वर्षांनी. दोघांची सुरुवात जवळपास सारखी. फरक पडला तो पुढच्या तीस-चाळीस वर्षांत. चीनने स्ट्रेन सुधारत नेली, टाक्या मोठ्या केल्या, आणि सरकारने स्वस्त वीज-वाफ देऊन त्याला टेकू दिला. १९९० च्या दशकात आपल्याकडे आयात खुली झाली तेव्हा चिनी पेनिसिलिन-जी भारतीय मालाच्या तुलनेत इतकं स्वस्त आलं की टोरंट, अलेम्बिक, स्पिक यांच्यासारख्यांनाही ते करणं परवडेना. एकामागून एक टाक्या बंद झाल्या. पिंपरीत परदेशी भागीदार घेऊन नवी स्ट्रेन आणण्याचा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. १९९७ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या धोरणात्मक विक्रीचा निर्णय घेतला. कारखान्यात आजही गोळ्या आणि इंजेक्शनं तयार होतात. पेनिसिलिनचा फर्मेंटर मात्र थंड आहे.

चिनी दराला दोष देऊन आपण मोकळे होतो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. पेनिसिलिनच्या किमतीतला मोठा वाटा बुरशीच्या उत्पन्नाचा असतो. तीच टाकी, तीच वीज, तेवढीच माणसं. बुरशी दुप्पट देणारी असेल तर किलोमागचा खर्च जवळजवळ निम्मा होतो. आजच्या चांगल्या स्ट्रेन लिटरमागे ४० ते ५० ग्रॅम पेनिसिलिन देतात. क्यू-१७६ देत होती अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. मधल्या दशकांत ज्याने फ्लास्क मोजणं चालू ठेवलं, बाजार त्याचा झाला.

ही उत्पन्नवाढ नेमकी कशाने झाली होती, हे कित्येक दशकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दिव्याखाली मारून, उरलेल्यांतून निवडून, आंधळेपणाने केलेलं ते काम होतं. नव्वदच्या दशकात जनुकं वाचता येऊ लागली तेव्हा उलगडा झाला. पेनिसिलिन करणारी जनुकं बुरशीत एका जागी शेजारी शेजारी असतात. सुधारलेल्या काही वाणांत तो सगळा तुकडा पुन्हा पुन्हा उतरून घेतलेला होता, पाच-सहा वेळा, काहींत त्याहूनही जास्त. २००८ मध्ये पेनिसिलियमच्या विस्कॉन्सिन वंशातल्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. आणखी एक गोष्ट दिसली. पेनिसिलिन तयार होण्याची शेवटची पायरी पेशीतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये पार पडते, आणि जास्त उत्पन्नाच्या वाणांत या पिशव्या संख्येने जास्त असतात.

याच पिशव्या आपल्याला वाळूजला घेऊन येतात.

हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टचा एक वाण ब्राझीलमध्ये, मद्याच्या कारखान्याचं सांडपाणी सोडलेल्या मातीत सापडला होता. या बुरशीचं वैशिष्ट्य असं की ती मिथेनॉलवर जगू शकते, जे मिथेनॉल आपल्याला विष आहे. मिथेनॉल पचवायला तिला एक विकर फार मोठ्या प्रमाणात लागतं, आणि ते ती पेरॉक्सिसोममध्ये साठवते. मिथेनॉल मिळू लागलं की पेशीतल्या एकूण प्रथिनांचा सुमारे तिसरा भाग या एका विकराचा होतो. पेशीच्या आत इतका जोरदार हुकूम देणारा जनुकाचा तुकडा असतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फची राइन बायोटेक ही कंपनी याच ब्राझिलियन वाणाच्या वंशावर काम करत होती. त्यांनी तो हुकमाचा तुकडा घेतला, त्याच्यापुढे विकराच्या जागी हवं ते जनुक जोडलं, आणि एका पेशीत त्याच्या डझनावारी प्रती बसवण्याची पद्धत बसवली. पेनिसिलियममध्ये निसर्गाने आणि अतिनील दिव्याने योगायोगाने केलेली प्रतींची वाढ इथे माणसाने ठरवून केली.

वोक्हार्टने हे तंत्र राइन बायोटेककडून घेतलं. हेपॅटायटिस-बीची लस आणि पाठोपाठ इन्सुलिन याच यीस्टपासून आलं. इन्सुलिन आधी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलं जायचं. ८ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी डुकरांचे २ टनांहून जास्त अवयव लागायचे. १९८२ मध्ये जंतूंपासून आणि १९८७ मध्ये पावाच्या यीस्टपासून मानवी इन्सुलिन बाजारात आलं, पण परदेशात. भारतात ते आयातीच्या दराने मिळायचं.

या पद्धतीत आधी यीस्टला ग्लिसरॉल घालून टाकी दाट होईपर्यंत नुसती वाढवतात. ते संपत आलं की मिथेनॉल मोजून सोडतात, आणि पेशी इन्सुलिनचं पूर्वरूप असलेला रेणू करू लागतात. हा टप्पा सगळ्यात नाजूक. मिथेनॉल जळताना प्राणवायू भराभर लागतो आणि उष्णता पेनिसिलिनच्या टाकीपेक्षाही जोरात सुटते. मिथेनॉल थोडं जास्त झालं तर पेशी मरतात, कमी झालं तर काम थांबतं. मग विकरांनी त्या रेणूची काटछाट करून खरं इन्सुलिन काढायचं आणि टप्प्याटप्प्याने शुद्ध करायचं. वाळूजला पाणी येतं जायकवाडीतून. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात गार पाणी आणि अखंड वीज राखून ही टाकी चालवणाऱ्या इथल्या ऑपरेटर आणि मायक्रोबायोलॉजिस्ट मंडळींचं काम पिंपरीच्या त्या पहिल्या पिढीच्या कामाइतकंच मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यांतली कितीतरी मुलं-मुली मराठवाड्यातल्या कॉलेजांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेली आहेत.

२०२० मध्ये महासाथीने चीनचा पुरवठा अडला तेव्हा दिल्लीला पेनिसिलिनची आठवण झाली. अमॉक्सिसिलिनपासून अॅम्पिसिलिनपर्यंत रोजच्या वापरातली कितीतरी औषधं पेनिसिलिन-जीपासून बनतात, आणि ते आपण जवळजवळ सगळं आयात करत होतो. त्याच वर्षी कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ अरबिंदो समूहाच्या लायफियस कंपनीचा पेनिसिलिन-जीचा कारखाना सुरू झाला, वर्षाला १५ हजार टन क्षमतेचा. पिंपरीत जे १९५५ मध्ये होत होतं ते या देशाला जवळपास पुन्हा पहिल्यापासून उभारावं लागलं.

पिंपरीच्या टाक्यांवर आणि स्ट्रेनच्या खोलीत काम केलेली शेवटची पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये, पुण्यात, काही आपल्या मराठवाड्यात परतून राहिलेली. वाळूजची पहिली फळीही आता निवृत्तीला आली आहे. कोणत्या खाद्याने उत्पन्न वाढलं, कोणती बॅच का गेली, कोणता वाण कसा हाती लागला, हे त्यांच्या डोक्यात आणि घरातल्या जुन्या वह्यांमध्ये आहे. छापील इतिहासात त्यातलं फार थोडं आलं आहे. ज्यांच्या घरी असे कागद, बुलेटिनचे जुने अंक, फोटो असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत, जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावेत. आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधताना या माणसांकडे जाऊन बसावं, त्यांचं बोलणं लिहून घ्यावं. उशीर करू नये.